हंसाहेबांचा होकार

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यात कधी ‘हो’ म्हणाले नाहीत आणि कधी ‘नाही’ही म्हणाले नाहीत. ते ‘हं’ म्हणतात. आमच्या वडिलांनी त्यांना समोर बसवून विचारलं होतं, मुलगी पसंत आहे का? त्यावरही ते ‘हं’च म्हणाले. वडील घाईचे, त्यांनी तो होकार धरला आणि पुढच्या कामाला लागले. ताईने बावीस वर्षं संसार केला, मुलगी वाढवली, दोनदा घर बदललं, पण तो हं नक्की कसला होता हे विचारायला तिला अजून फुरसत झालेली नाही. मी एकदा म्हटलं, विचार की. तर म्हणाली, कशाला, उत्तर काय येणार ते मला ठाऊक आहे.

भाऊजींचा हं माझ्याइतका कोणी ऐकला नसेल. ते ज्या कंपनीत कामकाज प्रमुख आहेत तिथेच मी नऊ वर्षं मीटिंगचे मिनिट्स लिहिते. त्यांचा एक हं लांब असतो आणि शेवटाला वर जातो. त्याचा अर्थ, बोलत राहा, मी ऐकत नाहीये. एक आखूड, नाकातून येणारा. त्याचा अर्थ, हे मला कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. एक चहाच्या घोटाबरोबर येतो, त्याला काहीच अर्थ नसतो. आणि एक असतो खालच्या पट्टीतला, मान जराशी कलती करून, पापण्या मिटून उघडून दिलेला. त्याचा अर्थ असा की तुला हवं ते कर, निभावलं तर आपण केलं, फसलं तर तू केलंस. आमची कंपनी या चौथ्या हंवर उभी आहे.

कंपनी सुरू झाली तेव्हा टायरच्या दुकानावरची एक खोली होती. दुकानदारांच्या वेबसाइट बनवायच्या, एवढंच काम. मालक भाऊजींपेक्षा पंधरा वर्षांनी लहान, अंगात वारं भरलेले, दर आठवड्याला एक नवी कल्पना. आता तीन मजले आहेत, काचेच्या खोल्या आहेत आणि मागे रेललं की आपणहून आडव्या होणाऱ्या खुर्च्या आहेत. मधल्या काळात ठामपणे हो म्हणणारे तिघे गेले, कारण त्यांनी हो म्हटलेलं आपटलं. ठामपणे नाही म्हणणारी एक बाई गेली, कारण तिने मालकांच्या लाडक्या कल्पनेला नाही म्हटलं. भाऊजी राहिले. कोणी एक जण गेला की त्याची खुर्ची भाऊजींकडे येई, आणि दर वेळी ती आधीच्यापेक्षा थोडी जास्त मागे रेलणारी असे. कामं करणारे चुकतात, हे त्यांना फार लवकर कळलं होतं.

एकाच दिवशी दोन विभागांचे लोक भांडत त्यांच्या खोलीत जात आणि दोघेही खुशीत बाहेर येत. दोघांनाही वाटे, साहेब आपल्या बाजूचे. कर्मचाऱ्यांनी त्यांना हंसाहेब नाव ठेवलं. ते मालकांच्या कानावर गेलं, पण अर्धंच. त्यांना वाटलं, हंस. दूध आणि पाणी वेगळं करणारा तो पक्षी. त्यांनी नव्या लोकांसमोर भाऊजींच्या विवेकावर पाच मिनिटं भाषण केलं. आम्ही सगळे खाली बघत बसलो होतो, कारण वर बघितलं असतं तर हसू फुटलं असतं.

मिनिट्स लिहिणं ही त्यामुळे कलाच झाली होती. भाऊजी हं म्हणाले की मी लिहायची, ‘साहेबांनी विषय समजून घेतला.’ दुसऱ्यांदा हं म्हणाले तर, ‘साहेबांनी विषयाचे गांभीर्य जाणले.’ या वाक्यांत कोणी अडकत नसे. ताईचं घर आणि माझी नोकरी दोन्ही सुखरूप. मला त्याचा अभिमान होता, हे कबूल करते.

मग मालकांनी पोपट आणला. पोपट म्हणजे मीटिंगमधलं बोलणं ऐकून आपोआप लिहून काढणारं यंत्र. टेबलाच्या मधोमध एक काळी डबी, तिच्यावर हिरवा दिवा. नाव अर्थातच आम्ही ठेवलं. मिनिट्स आता तोच लिहिणार आणि मी फक्त शुद्धलेखन तपासणार, असं ठरलं. पोपट हुशार होता, खोकला ओळखायचा, दोन माणसं एकदम बोलली तरी वेगळी करायचा. फक्त त्याला शिकवणाऱ्यांच्या यादीत हं हा शब्दच नव्हता. ह ऐकू आला, शब्द आखूड आहे, म्हणजे दुसरं काय असणार? पोपट लिहायचा, ‘हो.’ ज्या माणसाने जन्मात निर्णय घेतला नाही, त्याच्या नावावर पहिल्याच आठवड्यात सत्तावीस निर्णय जमा झाले. मी ते पाहिलं होतं. शुद्धलेखनाची चूक नव्हती म्हणून पुढे पाठवलं.

आता शंकाबाईचं सांगते. ती टेस्टर. नवं काही लोकांच्या हातात जाण्याआधी ते कुठे मोडतं हे शोधायचं, हे तिचं काम. शंका काढायचा पगार मिळणारी कंपनीत ती एकटीच, म्हणून शंकाबाई. सहा वर्षं झाली होती तिला. घरात ती आणि अंथरुणाला खिळलेले वडील, दोघंच. वडिलांचं सगळं औषधपाणी कंपनीच्या विम्यावर चालायचं, त्यामुळे नोकरी तिला सोडून चालण्यासारखी नव्हती. हे ती कधी बोलून दाखवायची नाही, पण विम्याच्या फॉर्मवर सही घ्यायला दर महिन्याला माझ्या टेबलापाशी यायची.

कंपनीने तेव्हा एक मोठं काम धरलं होतं. रक्त तपासणाऱ्या लॅबची एक मोठी साखळी, तिचे रिपोर्ट एका अॅपमधून लोकांच्या फोनवर पोहोचवायचे. सोमवारी सुरू करतो असा शब्द मालक देऊन बसले होते. शंकाबाईने आपलं आणि वडिलांचं नाव घालून पाहिलं. घरात फोन नंबर एकच. अॅपने वडिलांचा रिपोर्ट तिच्या नावावर टाकला आणि तिचा वडिलांच्या. अॅपच्या मते शंकाबाई एक्क्याऐंशी वर्षांची होती आणि तिची किडनी नीट चालत नव्हती. ज्या घरात दोन माणसांत एक नंबर, तिथे नावं उलटसुलट होणार, हे तिने दहा वेळा करून पाहिलं.

गुरुवारच्या मीटिंगमध्ये तिने ते सरळ मांडलं. दोष आहे, दुरुस्तीला दोन आठवडे लागतील, तरीही सोमवारी सुरू करायचं का? मान कलली, पापण्या मिटल्या, उघडल्या. “हं.”

पुन्हा विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती. पुन्हा विचारणं म्हणजे साहेब, तुम्ही उत्तर दिलं नाहीत, असं तोंडावर म्हणणं. तरी बिचारी शुक्रवारी फॉर्म घेऊन त्यांच्या खोलीत गेली. त्या फॉर्मवर टेस्टरने ‘सुरू करायला हरकत नाही’ या चौकटीत खूण केल्याशिवाय काही बाहेर जात नाही. भाऊजी चहा पीत होते. तिला चहाचा हं मिळाला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी तिची गत. ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली तेव्हा मीच म्हटलं, “अगं करून टाक खूण. साहेब हं म्हणालेत ना?” तिने खूण केली. हे वाक्य माझं होतं, आणि त्याचं ओझं मी इथे दुसऱ्या कोणावर टाकणार नाही.

सोमवारी सुरू झालं, आणि नवव्या दिवशी तक्रार आली. एका घरातल्या सुनेच्या नावावर सासऱ्यांचा साखरेचा रिपोर्ट गेला होता. जवळच्या डॉक्टरने तो पाहून गोळ्या दिल्या, तिने त्या चार दिवस घेतल्या आणि पाचव्या दिवशी ती ओट्यापाशीच चक्कर येऊन पडली. थोडक्यात बचावली. मागोमाग शंकाबाईने मोजून काढलं, एक नंबर आणि दोन रोगी अशी एकतीसशे घरं होती. त्यांतल्या किती घरांत कोणाच्या गोळ्या कोण गिळतंय, हे कोणालाच माहीत नव्हतं.

मालकांचा विचार झटकन ठरला. दोष गुपचूप दुरुस्त करायचा. लोकांना काही कळवायचं नाही, उगाच घबराट. लॅबवाल्यांना पत्र लिहायचं की एका टेस्टरचा हलगर्जीपणा झाला, तिला काढलं आहे, यापुढे असं होणार नाही. एकूण अळीमिळी गुपचिळी. पत्राचा मसुदा मलाच लिहायला दिला आणि त्याच दुपारी तो गेलासुद्धा. फक्त एक अडचण निघाली. लॅबवाल्यांच्या वकिलांनी त्या गुरुवारच्या मीटिंगचे मिनिट्स मागितले, आणि त्यात पोपटाने लिहून ठेवलं होतं:

‘टेस्टर: तरीही सोमवारी सुरू करायचं का? साहेब: हो.’

ही ओळ तिन्ही मजल्यांवर अर्ध्या तासात फिरली. लोकांना धक्का बसला तो सून पडल्याचा नव्हे. साहेब हो म्हणाले, याचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताईचा फोन आला. तिला सगळं कळलं होतं. सांभाळून बोल, म्हणाली. या वयात यांना दुसरीकडे कोण घेणार, आणि घेतलंच तर तिथे यांना काम करावं लागेल, ते यांना जमेल का? ताई हे विनोदाने म्हणाली नव्हती. रडत होती.

अकरा वाजता काचेच्या खोलीत आम्ही चौघं बसलो. मालक, भाऊजी, शंकाबाई आणि मी. पोपटाजवळ आवाजही साठवलेला असतो. मालकांनी तो लावला. दोन सेकंदांचा हं. पुन्हा लावला. पुन्हा. अकरा वेळा तो हं त्या खोलीत घुमला आणि भाऊजी दर वेळी तो पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखे लक्ष देऊन ऐकत होते. मग मालक माझ्याकडे वळले. नऊ वर्षं मिनिट्स तुम्ही लिहिलेत, म्हणाले, तुम्हीच सांगा, हा हो आहे का?

मला ठाऊक होतं. झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. हा चौथा हं, आणि या हंवर या इमारतीत सगळी कामं होतात, माणसं उठून कामाला लागतात आणि भाऊजी त्यांना जाताना बघतात, एकालाही थांबवत नाहीत. याला हो म्हणत नसतील तर कशाला म्हणतात? शंकाबाई माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “आवाज नीट येत नाहीये.”

आवाज इतका स्वच्छ होता की मागे कोणीतरी पेन टेबलावर ठेवल्याचंही ऐकू येत होतं. हे वाक्य बोलल्यावर मला माझी लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

तेव्हा मालकांनी भाऊजींनाच विचारलं. भाऊजी सरळ बसले. खुर्चीही त्यांच्याबरोबर सरळ झाली. “मी हो म्हटलेलं नाही,” ते म्हणाले.

सगळं कुटुंब बावीस वर्षं आणि सगळी कंपनी इतके दिवस ज्या स्पष्ट शब्दाची वाट पाहत होती, तो हा. कर्ता होता, क्रियापद होतं, व्याकरणाची एक चूक नव्हती. आणि त्यात तसं खोटंही काही नव्हतं, कारण ते हो म्हणाले नव्हतेच. मालकांचा चेहरा फुलला. म्हणजे यंत्राची चूक, खूण टेस्टरची, विषय संपला. शंकाबाईला महिन्याची नोटीस, विमाही महिनाभरच. एवढं बोलून ते वकिलांना फोन करायला बाहेर गेले.

शंकाबाई रडली नाही, भांडली नाही. ती टेबलाच्या मधोमध बघत होती. पोपटाचा हिरवा दिवा चालूच होता. तो बंद करायचा की नाही, हा निर्णय कोणी घेतला नव्हता. मग तिने, गुरुवारी वापरला होता अगदी त्याच आवाजात, विचारलं, “साहेब, त्या एकतीसशे घरांना आत्ता मेसेज पाठवते. रिपोर्टवरचं नाव चुकलं असू शकतं, डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध घेऊ नका. पाठवू ना?”

एक अख्खं वाक्य बोलून भाऊजी दमले होते. मान कलली, पापण्या मिटल्या, उघडल्या. “हं.”

ती उठून गेली. वीस मिनिटांत एकतीसशे घरांचे फोन वाजले.

तासाभराने मालक लालबुंद होऊन परत आले आणि त्यांनी शंकाबाईलाही आत बोलावलं. कोणी सांगितलं हे पाठवायला? शंकाबाईने पोपटाची नोंद दिसत होती त्या पडद्याकडे बोट दाखवलं. ‘टेस्टर: पाठवू ना? साहेब: हो.’ भाऊजींनी तोंड उघडलं. दिवसभरात दुसरं स्पष्ट वाक्य बाहेर पडणार, असं वाटलं. तेवढ्यात मालकांचा फोन वाजला. लॅबच्या साखळीच्या प्रमुख डॉक्टरीणबाई होत्या. मालक उभ्याचे बसले. बाई म्हणत होत्या, मेसेज मिळाल्यावर एक्केचाळीस माणसांनी फोन करून विचारलं, त्यांतली सात जण दुसऱ्याचं औषध घेत होती. तुम्ही लोकांपासून लपवलं असतंत तर आम्ही तुम्हाला कोर्टात खेचणार होतो. स्वतःहून सांगितलंत, असं कोण करतं हल्ली? हा निर्णय कोणी घेतला?

मालकांनी फोनवर हात ठेवला आणि भाऊजींकडे पाहिलं. निर्णय तुमचा ना, असं त्यांनी विचारलं. भाऊजी हं म्हणाले. मालकांनी तो होकार धरला.

त्या दिवसाचे मिनिट्स मला हाताने लिहावे लागले, कारण आता पोपटावर सोडण्यासारखं काम नव्हतं. वर लिहिलं, ‘गुरुवारच्या नोंदीतील हो ही यंत्राच्या ऐकण्यातील चूक आहे.’ खाली लिहिलं, ‘आजच्या नोंदीतील हो हा साहेबांचा धाडसी निर्णय आहे.’ तेच यंत्र, तेच तोंड, तोच हं. वकिलांना दोन्ही ओळी पटल्या.

पुढच्या महिनाभरात आयत्या बिळावर नागोबा म्हणजे काय ते मी जवळून पाहिलं. दोन वर्तमानपत्रांनी भाऊजींचा फोटो मागवला. त्यांना नीतिमूल्य प्रमुख असं आणखी एक पद मिळालं. अवघड निर्णय कसे घ्यावेत, यावर नव्या मॅनेजरांसाठी त्यांचा वर्ग ठरला. लोक लांबलांबून प्रश्न घेऊन येत आणि भाऊजी ऐकून घेत, आणि लोक वहीत काहीतरी लिहून नेत. घरी ताई आनंदात होती. मला म्हणाली, बघ, मी म्हणत नव्हते, माणूस मुळात चांगला आहे. भाऊजी समोरच बसले होते. त्यावर ते काय म्हणाले ते सांगायला नको.

मी मालकांकडे एकदा गेले. मेसेज पाठवायचं कोणाला सुचलं हे तुम्हाला माहीत आहे, म्हटलं, मग आता शंकाबाईला ठेवून घ्या. मालकांनी मान हलवली. लॅबवाल्यांना पत्र गेलंय, म्हणाले, त्यात टेस्टरला काढलं असं लिहिलंय. आता तिला ठेवलं तर पत्र खोटं ठरेल. नीतिमूल्यांवर आपलं एवढं नाव झाल्यावर खोटं बोलणं बरं दिसेल का? ते मनापासून बोलत होते.

तिचा शेवटचा दिवस आणि भाऊजींचा सत्कार एकाच दुपारी आला. खालच्या कँटीनमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या. वर तिसऱ्या मजल्यावर शंकाबाई खण रिकामा करत होती. मी वर गेले. तिच्या कापडी पिशवीत एक कप, फोनचा चार्जर आणि वडिलांच्या विम्याची फाइल होती. फाइल आता उपयोगाची नव्हती, तरी तिने ती घेतली होती. आम्ही लिफ्टपर्यंत चालत गेलो. वडिलांचं कसं करणार, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याऐवजी विचारलं, त्या दिवशी तो हो नाहीये हे तुला माहीत होतं ना?

“सहा वर्षं त्या हंवर त्यांच्या मनातली कामं केली,” ती म्हणाली. “एक माझ्या मनासारखं करून घेतलं.”

लिफ्ट खालून वर येत होती. खाली टाळ्या सुरू झाल्या होत्या. मला राहवलं नाही. मी म्हटलं, त्या दिवशी काचेच्या खोलीत मी खरं बोलायला हवं होतं. ती असं नाही गं म्हणेल, तुझाही नाइलाज होता म्हणेल, असं मला वाटत होतं. खरं तर त्यासाठीच मी वर आले होते.

“हो,” शंकाबाई म्हणाली. “बोलायला हवं होतंस.”

दार उघडलं आणि ती आत गेली.